सिंपायनं चुकीचं उत्तर दिलं, आता काय करायचं?

नांदेडच्या विष्णुपुरीतल्या आणि लातूरच्या अभियांत्रिकी व विज्ञान महाविद्यालयांत पायथन शिकणारी मुलं-मुली वर्षातून एकदा तरी सिंपायपाशी येऊन थांबतात. कुणी प्रात्यक्षिकासाठी, कुणी प्रकल्पासाठी, कुणी नुसतं उत्तर पडताळायला. मग प्रश्न सुरू होतात. पुस्तकातलं उत्तर वेगळं आहे, चुकलंय कोण? बग सापडला असं वाटतं, पण कळवायचा कुणाला? आपण दुरुस्त करू शकतो का? त्याचे पैसे पडतात का, प्रमाणपत्र मिळतं का? इंग्रजी कच्चं असलं तर चालतं का?

सिंपाय म्हणजे अक्षरांसह गणित करणारी लायब्ररी. ती समीकरणं सोडवते, डिफरन्शिएशन आणि इंटिग्रेशन करते, मॅट्रिक्स हाताळते, आणि हे सगळं दशांशात न उतरवता √२ ला √२ ठेवून करते. ओंद्रेय चेर्तीक यांनी २००५ मध्ये ती सुरू केली. आज जगभरचे स्वयंसेवक ती सांभाळतात. तुमच्या कामाची गोष्ट एवढीच, की ती पूर्णपणे पायथनमध्ये लिहिलेली आहे. चालायला एमपीमॅथ ही एकच दुसरी लायब्ररी लागते. त्यामुळे उत्तर कुठून आलं हे तुम्ही ओळ न् ओळ उघडून पाहू शकता. विकत घेतलेल्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये ही सोय सहसा नसते.

आधी ठरवा: हा बग आहे की गणितच तसं आहे?

नवख्यांना 'बग' वाटणाऱ्या बऱ्याच गोष्टी बग नसतात. इश्यू (गिटहब या संकेतस्थळावरची बगची नोंद) लिहिण्याआधी या पाहून घ्या:

- एकतृतीयांशाचं ०.३३३ होणं. १ भागिले ३ हे सिंपायपर्यंत पोचण्याआधीच पायथन दशांशात करून टाकतो. अचूक अपूर्णांक हवा असेल तर 'रॅशनल' वापरा.
- घात चुकणं. पायथनमध्ये घातासाठी दोन गुणाकार-चिन्हं लागतात. टोपीच्या चिन्हाचा अर्थ तिथे वेगळा आहे.
- दोन सारख्या राशींची तुलना 'फॉल्स' येणं. दुहेरी बरोबर-चिन्ह राशींची रचना तपासतं, किंमत तपासत नाही. (क्ष + १)² आणि क्ष² + २क्ष + १ यांची रचना वेगळी आहे. वजाबाकी करून 'सिम्प्लिफाय' करा, किंवा 'इक्वल्स' ही पद्धत वापरा.
- √(क्ष²) तसंच राहणं. क्ष ऋण असला तर उत्तर क्ष नसतं, म्हणून लायब्ररी गप्प बसते. क्ष धन आहे हे चिन्ह तयार करतानाच सांगा, मग उत्तर क्ष येईल.
- उणे आठचं घनमूळ. वर्गात आपण −२ म्हणतो. सिंपाय मुख्य मूळ देतं, आणि त्याची किंमत १ अधिक √३ आय अशी संमिश्र निघते. वास्तव मूळ हवं असेल तर त्यासाठी 'रिअल रूट' नावाचं वेगळं फंक्शन आहे.
- इंटिग्रेशनचं उत्तर पुस्तकाशी न जुळणं. साइन क्ष गुणिले कॉस क्ष याचं उत्तर सिंपाय साइन²क्ष/२ देतं, तर पुस्तकात −कॉस २क्ष/४ असू शकतं. दोन्हींत फरक फक्त १/४ या स्थिरांकाचा आहे, म्हणून दोन्ही बरोबर. सिंपाय शेवटी 'अधिक सी' लिहीत नाही, हेही लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट मुलांचे तासन् तास खाते. एका ठिकाणी तुम्ही साधा क्ष बनवता, दुसऱ्या ठिकाणी धन क्ष बनवता. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण लायब्ररीच्या दृष्टीनं ती दोन वेगळी चिन्हं आहेत. त्यांची वजाबाकी शून्य न होता 'क्ष − क्ष' अशीच पडून राहते. असं काही दिसलं तर 'एसरेप्र' या फंक्शननं राशी छापा. त्यात गृहीतकांसह आतली सगळी रचना दिसते.

खरा बग कसा पकडायचा

इथे थोडं थांबू, कारण बी.एस्सी.च्या गणिताचा खरा उपयोग इथेच होतो.

१/(२ + कॉस क्ष) याचं ० ते २π असं निश्चित इंटिग्रेशन घ्या. हातानं केलं तर tan(क्ष/२) च्या नेहमीच्या बदलीनं, म्हणजे अर्ध्या कोनाच्या टँजंटनं, आर्कटॅनमधलं एक उत्तर मिळतं. त्यात ० घाला, शून्य येतं. २π घाला, पुन्हा शून्य येतं. वजाबाकी शून्य. पण कॉसची किंमत कधीच १ च्या वर जात नाही, म्हणजे मूळ फल सगळीकडे किमान १/३ तरी आहे. त्याखालचं क्षेत्रफळ शून्य कसं असेल? खरं उत्तर २π/√३, म्हणजे सुमारे ३.६२७६ आहे. क्ष = π पाशी टँजंट अनंताकडे जातो, तिथे आर्कटॅनचं उत्तर एकदम खाली उडी मारतं, आणि आपण त्या उडीवरून आंधळेपणानं पुढे गेलेलो असतो.

सिंपायच्या इंटिग्रेशनच्या कोडमध्ये ही उडी भरून काढणारा एक तुकडा आहे. तो उत्तरात 'फ्लोअर' असलेलं पद जोडतो. पण अशा उड्या शेकडो रूपांत येतात आणि प्रत्येक रूप पकडलं जाईलच असं नाही. निश्चित इंटिग्रेशनमध्ये चुकीचं उत्तर मिळालं तर या जागेवर पहिला संशय घ्या.

पडताळणीचा क्रम असा ठेवा:

1. अनिश्चित उत्तर डिफरन्शिएट करा. मूळ राशी परत येते का?
2. क्षला दोन-तीन आडव्यातिडव्या किमती द्या, ०.३७ किंवा २.९१ अशा. ०, १ आणि π टाळा, कारण तिथे चुकीची उत्तरंही योगायोगानं जुळतात.
3. निश्चित इंटिग्रेशन असेल तर ते न सोडवता तसंच ठेवून 'इव्हॅल्फ'नं त्याची संख्यात्मक किंमत काढा आणि तुलना करा.
4. समीकरणाचं उत्तर असेल तर ते परत समीकरणात घाला. विकलक समीकरणांसाठी 'चेकओडीईसॉल' हे तयार फंक्शन आहे.

पहिली पायरी जुळली आणि तिसरी जुळली नाही, तर दोष मर्यादा घालण्याच्या भागात आहे. पहिलीच जुळली नाही तर दोष इंटिग्रेशनच्या पद्धतीत आहे. एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

माझं मत स्पष्ट आहे: चुकीचं उत्तर हा सगळ्यांत गंभीर बग. प्रोग्रॅम कोसळला तर माणूस निदान सावध होतो. शून्य उत्तर शांतपणे मिळालं तर तो ते प्रबंधात छापतो. म्हणून अशा चुकांना प्राधान्य द्या. लातूर-नांदेडची मुलं हजारो गणितं सोडवून, उत्तरतालिका ताडून वाढलेली असतात. ती सवय इथे फार मोलाची ठरते. मात्र एखाद्या गाईडमधली गणितं जशीच्या तशी उचलून सार्वजनिक ठिकाणी टाकू नका. आकडे बदलून स्वतःचं उदाहरण तयार करा.

इश्यू लिहिताना

गिटहबवर सिंपायच्या पानावर इश्यू नोंदवता येतो, खातं मोफत असतं. आधी जुने इश्यू शोधा, तुमचा बग कुणीतरी नोंदवलेला असण्याची शक्यता मोठी आहे. सापडला तर नवीन इश्यू उघडू नका. तिथेच तुमचं छोटं उदाहरण जोडा.

इश्यूत हे हवं:

- सिंपाय आणि पायथनची आवृत्ती
- कॉपी करून लगेच चालवता येईल असा सर्वांत छोटा कोड
- मिळालेलं उत्तर किंवा पूर्ण ट्रेसबॅक, अक्षरांत. मोबाइलनं काढलेला स्क्रीनचा फोटो देऊ नका, तो कुणाला शोधता येत नाही की चालवता येत नाही.
- अपेक्षित उत्तर आणि ते का, एका ओळीत

'सर्वांत छोटा' यावर मेहनत घ्या. चाळीस ओळींच्या प्रकल्पातून एकेक ओळ काढत जा. प्रत्येक वेळी चालवा. बग गेला तर शेवटची काढलेली ओळ परत आणा. बहुतेकदा दोन-तीन ओळी उरतात, आणि त्यांकडे नुसतं पाहूनच कारण सुचतं.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर आधी मराठीत लिहा: मी हे केलं, हे मिळालं, हे मिळायला हवं होतं. मग त्याच तीन वाक्यांचं साधं इंग्रजी करा. वाचणाऱ्यांपैकी कित्येकांची मातृभाषा इंग्रजी नसते. बाकीचं कोड सांगतोच.

लॅपटॉप नसेल तरी इथपर्यंतचं काम होतं. 'सिंपाय लाइव्ह' ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे मोबाइलवरही उदाहरण पडताळता येतं.

कोड उतरवून घेताना

दुरुस्तीही करायची असेल तर आधी गिटहबवर फोर्क करा, म्हणजे आपल्या खात्यात कोडची प्रत घ्या, आणि तो फोर्क आपल्या मशिनवर क्लोन करा. सगळा इतिहास उतरवायला डेटा बराच लागतो. डेटा मोजूनमापून वापरत असाल तर दोन वाटा आहेत. 'डेप्थ १' देऊन फक्त ताजा कोड घ्या, किंवा फायलींचा जुना मजकूर गाळून क्लोन करा. पहिली वाट सगळ्यांत हलकी, पण तीत इतिहास नसल्यानं पुढे सांगितलेलं 'बायसेक्ट' चालत नाही. दुसरीत ते चालतं, लागेल तो मजकूर त्या वेळी उतरतो. मी दुसरी सुचवेन.

वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा आणि लायब्ररी 'एडिटेबल' पद्धतीनं बसवा. हे राहून गेलं की तुम्ही एक फाइल बदलता आणि पायथन दुसरीकडची जुनी सिंपाय चालवतो. 'बदल केला पण फरकच पडत नाही' अशी तक्रार असेल तर लायब्ररी कुठल्या फोल्डरमधून लोड झाली ते आधी छापून पाहा.

बग कुठे आहे ते शोधताना

- ट्रेसबॅक खालून वर वाचा. शेवटची ओळ काय झालं ते सांगते. कारण मात्र बहुतेक वेळा चार-पाच पायऱ्या वर असतं.
- 'ब्रेकपॉइंट' घाला आणि पीडीबी या डीबगरमध्ये एकेक पायरी चाला. प्रत्येक पायरीवर राशीची संख्यात्मक किंमत काढा. ज्या पायरीवर किंमत बदलली, तिथे बग आहे.
- गिट बायसेक्ट वापरा. जुन्या आवृत्तीत बरोबर आणि नव्यात चूक असं असेल तर हे अर्ध्या-अर्ध्यानं शोधत जातं. हजार कमिट्स (नोंदवलेले बदल) असले तरी दहा-एक चाचण्यांत दोषी कमिट सापडतो.
- कॅश बंद करून पाहा. सिंपाय आधी काढलेली उत्तरं लक्षात ठेवतं. त्यासाठीचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 'नो' केल्यावर बग गायब झाला तर दिशा मिळाली.
- कधी येतो, कधी येत नाही असा बग असेल तर पायथनचा हॅश सीड ठरावीक ठेवा. संचातल्या वस्तूंचा क्रम त्यावर बदलतो. सिंपायचा टेस्ट चालवणारा प्रोग्रॅम सुरुवातीलाच सीड छापतो, तो लिहून ठेवा.
- तुमच्याकडे चूक, मित्राकडे बरोबर? मोठ्या पूर्णांकांसाठी एखाद्या मशिनवर जीएमपीवाय किंवा फ्लिंट बसवलेलं असतं, एखाद्यावर साधा पायथन. कोणावर काय आहे ते पाहा.

एक सापळा मात्र सिंपायचा खास आहे. 'ही संख्या धन आहे का?' या प्रश्नाला तिथे तीन उत्तरं असतात: हो, नाही, आणि माहीत नाही. तिसरं उत्तर 'नन' असं येतं. पायथनच्या 'इफ नॉट'मध्ये 'नन' आणि 'नाही' एकाच बाजूला जातात. म्हणजे कोड लिहिणाऱ्यानं 'धन नसेल तर' म्हटलं, आणि ज्या क्षबद्दल काहीच माहीत नाही तोही त्या वाटेनं गेला. चुकीच्या उत्तरांमागे हे कारण पुन्हा पुन्हा निघतं. तुमच्या संशयित फायलीत अशी अट दिसली तर तिथे थांबून विचारा: माहीत नसलेल्या चिन्हाचं इथे काय होतं?

टेस्टशिवाय दुरुस्ती पुरी होत नाही

प्रत्येक दुरुस्तीसोबत एक टेस्ट जोडायची असते, जी दुरुस्तीआधी नापास होते आणि नंतर पास होते. ती त्याच मॉड्यूलच्या 'टेस्ट्स' फोल्डरात जाते. नावात इश्यूचा क्रमांक द्यायची पद्धत आहे. उत्तर असं निवडा जे सिंपायशिवाय दुसऱ्या मार्गानं सिद्ध झालेलं आहे. आज लायब्ररी जे देते तेच 'अपेक्षित' म्हणून चिकटवलं तर टेस्टला अर्थ उरत नाही.

भास्कराचार्यांचं एक उदाहरण इथे नेमकं बसतं. क्ष² − ६१य² = १ याचं सर्वांत लहान पूर्णांक उत्तर त्यांनी बाराव्या शतकात चक्रवाल पद्धतीनं काढलं: क्ष = १,७६,६३,१९,०४९ आणि य = २२,६१,५३,९८०. फर्मानं हाच ६१ चा प्रश्न १६५७ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून टाकला. सिंपायच्या डायोफँटाइन मॉड्यूलमध्ये या जातीची समीकरणं सोडवणारा कोड आहे. तो चालवा आणि जुळतं का पाहा. मग हीच पडताळणी दशांशात करून बघा. क्ष² आणि ६१य² दोन्ही ३ वर अठरा शून्यं एवढे मोठे आहेत, साधारण सोळा अंक धरणाऱ्या दशांशाला शेवटचा १ दिसतच नाही. पूर्णांकांची गणितं दशांशानं तपासू नका, हे यातून हाताला कळतं.

सगळ्या टेस्ट्स चालवायला घरच्या मशिनवर फार वेळ लागतो. फक्त तुमच्या मॉड्यूलच्या टेस्ट्स, डॉकटेस्ट आणि कोडच्या टापटिपीची तपासणी चालवा. बाकी गिटहबवर आपोआप चालतं. विजेचा भरवसा नसेल त्या दिवशी हे विशेष उपयोगी.

पुल रिक्वेस्ट पाठवताना

- 'हा इश्यू मला द्या' असं विचारत बसू नका. सिंपायमध्ये इश्यू कुणाच्या नावावर केले जात नाहीत. आधीच कुणाची पुल रिक्वेस्ट (आपला बदल मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती) चालू आहे का एवढं पाहा आणि काम सुरू करा.
- पहिल्यांदा 'ईझी टू फिक्स' अशी खूण असलेला इश्यू घ्या.
- एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच दुरुस्ती. वाटेत दिसलेली रिकामी जागा, शुद्धलेखन वगैरे त्यात मिसळू नका.
- शीर्षकात नुसता क्रमांक नको, काय बदललं ते लिहा. वर्णनात प्रकाशन-टीप भरायची असते, ती विसरली की तपासणी अडते.
- पहिल्या वेळी 'मेलमॅप' फायलीत तुमचं नाव आणि ईमेल जोडावा लागतो. हा ईमेल कायमचा सार्वजनिक होतो. महाविद्यालयाचा पत्ता देऊ नका, पदवीनंतर तो बंद पडू शकतो. खासगी पत्ता उघड करायचा नसेल तर गिटहबचा 'नो-रिप्लाय' पत्ता आधीच गिटमध्ये भरा.
- एआयकडून कोड घेतला असेल तर प्रकल्पाचा त्याबाबतचा नियम वाचा आणि तसं स्पष्ट सांगा. स्वतःला समजला नाही असा कोड पाठवू नका. तपासणारे विनामोबदला वेळ देतात. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला तुमचं स्वतःचं उत्तर हवं.

तपासणीला आठवडे लागू शकतात. दोन आठवड्यांनी एक नम्र आठवण केली तर कुणी वाईट मानत नाही. सुधारणा सुचवल्या तर त्याच शाखेत करा, नवी पुल रिक्वेस्ट उघडू नका. आणि नाकारली गेली तर कारण विचारा, तो तुमचा अधिकार आहे.

तुमचे हक्क

सिंपाय बीएसडी परवान्याखाली आहे. कॉपीराइटची सूचना जपून तुम्ही ती वापरू, बदलू, वाटू आणि स्वतःच्या विक्रीच्या उत्पादनातही घालू शकता. कुणाची परवानगी लागत नाही, शुल्क नाही.

तुम्ही दिलेल्या कोडचा कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि लिहिणारा त्याचा पहिला मालक असतो. अपवाद नोकरीचा: नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, मालकाचा ठरतो. पुण्यात किंवा हैदराबादला नोकरीला लागलेल्यांनी म्हणून आधी नेमणूकपत्र वाचावं आणि वरिष्ठांची लेखी परवानगी घ्यावी. विद्यार्थी सहसा या अपवादात येत नाहीत, तरी अनुदानित प्रकल्पावर काम करत असाल तर संस्थेचे नियम विचारून घ्या.

पैसे आणि प्रमाणपत्र

योगदान द्यायला एक रुपयाही लागत नाही. 'ओपन सोर्सचं प्रमाणपत्र देतो' म्हणून कुणी शुल्क मागत असेल तर देऊ नका. सिंपाय प्रमाणपत्र वाटत नाही. तिथे 'ऑथर्स' फायलीत तुमचं नाव येतं आणि तुमचं प्रत्येक कमिट कुणालाही पाहता येतं. मुलाखतीत त्याचाच दुवा द्या.

मानधन हवं असेल तर 'गूगल समर ऑफ कोड' ही वाट आहे. वय १८ पूर्ण हवं. २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अटही राहिलेली नाही. सिंपाय २००७ पासून अनेक वर्षं त्यात आलेली आहे, पण त्या त्या वर्षीची यादी पाहूनच तयारी करा. सिंपायसाठी अर्ज करणाऱ्याची किमान एक पुल रिक्वेस्ट स्वीकारली गेलेली असावी लागते. म्हणजे मार्चमध्ये अर्ज करायचा तर दिवाळीच्या सुट्टीतच काम सुरू करायला हवं.

सिंपायऐवजी दुसरं काही?

पायथन येत असेल तर सिंपायच घ्या. सी++ चांगलं येत असेल आणि वेगाची आवड असेल तर सिमइंजिन ही लायब्ररी पाहा. संख्या सिद्धांतात किंवा अमूर्त बीजगणितात एम.एस्सी. करत असाल तर २००५ मध्ये विल्यम स्टाइन यांनी सुरू केलेलं सेजमॅथ जास्त जवळचं वाटेल. मात्र त्याचं बांधकाम जड आहे, विंडोजवर त्यासाठी आत लिनक्स बसवावं लागतं आणि जुन्या लॅपटॉपवर ते जिकिरीचं होतं. मॅक्सिमा लिस्पमध्ये आहे. वापरायला उत्तम, पण पहिलं योगदान म्हणून मी ते सुचवणार नाही.

लिनक्स किंवा पायथनच कच्चं असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मोफत आहेत आणि त्यांतले बरेच मराठीतही आहेत. त्याच संस्थेचा फॉसी प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना फेलोशिपही देतो.

महाविद्यालयात हे करायचं असेल तर जोडीनं बसा: एक गणिताचा विद्यार्थी, एक संगणकाचा. विभागप्रमुखांकडे प्रकल्प मंजुरीला नेताना 'स्वीकारली गेलेली पुल रिक्वेस्ट' ही गुणांची अट घालून घेऊ नका, कारण ती कधी स्वीकारली जाईल हे तुमच्या हातात नसतं. इश्यू, छोटं उदाहरण, कारणाचा शोध आणि टेस्ट यांवर गुण मागा. हे चारही सत्राच्या आत पुरे होतात.